आधार आबांची पाठ

माझ्या सासऱ्यांचा चेहरा आठवायचा तर मला कपाटातला फोटो काढावा लागतो. त्यांची पाठ मात्र डोळे मिटले की समोर येते. सरकारी खाकी शर्ट, खांद्यावर घामाची पांढरी रेघ, डाव्या खांद्यावर फावडं, आणि मान जराशी पाण्याकडे झुकलेली. आठ-नऊ वर्षं रोज सकाळी मी त्या पाठीमागून सायकलवर गेले. आता धुळ्याला मुलाकडे राहते. इथे देवपुरात लोक सकाळी बूट घालून गोल गोल चालतात, नातवाकडे गिअरची सायकल आहे. ती तो गच्चीवर झाकून ठेवतो, कारण रस्त्यावर ट्रक फार. मी म्हणते, अरे, तुझ्या आजीकडे एक रस्ता होता, त्यावर एकही गाडी नव्हती. त्याला वाटतं म्हातारी थापा मारते.

थापा नाहीत. एरंडोल आणि पारोळ्याच्या मधे आमचं गाव, आणि गावाच्या मागून गिरणेचा पाट जायचा. पाट म्हणजे कालवा. पण कालवा म्हणणारा माणूस आमच्याकडे एकतर सरकारी असायचा, नाहीतर पाहुणा. पाटाच्या भरावावरून एक वाट होती, बैलगाडी जाईल एवढी रुंद. पण बैलगाडी जायची नाही, कारण चाकांनी भराव खचतो, आणि भराव खचला तर पाणी शेतात घुसतं. म्हणून वाटेच्या दोन्ही तोंडांना लोखंडी पाइप रोवलेले. माणूस जाईल, शेळी जाईल, सायकल जाईल. बाकी कोणी घुसलं तर तिथे आधार आबा.

आबा पाटकरी होते. पाटाची दारं उघडायची, बंद करायची, पाळीप्रमाणे कोणाच्या शेताला पाणी जातंय ते बघायचं आणि वाट राखायची, हे त्यांचं काम. बोलणं इतकं कमी, की लग्नानंतर पहिले काही महिने मला वाटलं यांना ऐकायला कमी येतं. जे काय बोलायचे ते वस्तूंशी. दाराला म्हणायचे, "कारे, आज का अडी ऱ्हायना?" म्हशीला गावातल्या बातम्या सांगायचे. माणसांवर मात्र एकाच गोष्टीसाठी आवाज चढायचा, तो म्हणजे पाटावर गाडी. एकदा त्यांचा सख्खा मेहुणा कापसाची गाडी भरून पाइप उपटून आत आला. भरावावर गाडी वळवायला जागा नाही. आबांनी त्याला बैल सोडायला लावले आणि भरली गाडी माणसांकडून उलटी ढकलत परत नेली. त्या दिवाळीला मेहुणा आमच्याकडे जेवायला आला नाही. आबांनी म्हशीला सांगितलं, "नही उना तर नही उना. पाट तर ऱ्हायना."

मी धुळ्याची, मॅट्रिक झालेली. शाळेत असताना पांझरेच्या काठाला भाड्याच्या सायकली मिळायच्या, त्यावर शिकले. पुढे वडिलांनी जुनी लेडीज सायकल घेऊन दिली, जड आणि उंच. मी बुटकी. दगडावर किंवा पायरीवर पाय ठेवल्याशिवाय मला तिच्यावर चढता यायचं नाही, पण एकदा चढले की उतरायला नको वाटायचं. लग्न झालं, सायकल माहेरी राहिली. माझे यजमान रुपचंद जळगावला डाळमिलमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचे. बाकीचे दिवस मी, सासू झुंबरबाई, आबा आणि म्हैस.

मग पलीकडच्या खेडी गावात अंगणवाडी निघाली. खेडीत सेविकेच्या कामाला शिकलेली बाई मिळेना, म्हणून शोध आमच्या गावात आला आणि माझं नाव पुढे झालं. मला तेव्हा किती आनंद झाला ते सांगायला शब्द शोधावे लागत नाहीत: मी चुलीपुढे बसून रडले. अडचण एकच होती. रस्त्याने खेडी म्हणजे आधी हायवेच्या फाट्यावर जा, तिथे एसटीची वाट बघा, ती आली तर बसा, मग पुढे पुन्हा चाला. सकाळच्या अंगणवाडीला माणूस दुपारी पोचणार. आणि पाटावरून गेलं तर खेडी सरळ, वाटभर सावली, एक वळण आणि गाव. पायी गेलं तरी उशीर व्हायचाच. सायकलवर मात्र सहज.

माझ्या भावाने एसटीच्या टपावर टाकून सायकल आणून दिली. सासूने ती अंगणात उभी बघितली आणि कमरेवर हात ठेवले.

"गावनी वहू सायकलवर? हाई काय रीत शे का?"

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. पारावर थोर माणसं बसलेली असली की सून तिथून चपला घालून जात नसे. चपला काढून हातात घ्यायच्या, पदर पुढे ओढायचा, मान खाली घालून निघून जायचं, आणि मग वळण आलं की पुन्हा घालायच्या. चटके बसले तरी. मी धुळ्याची, मला सुरुवातीला राग यायचा, मग सवय झाली. सवय झाली की राग कुठे जातो ते कळत नाही.

सासूने दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला. "चपला काढतस ना पारजोडे? तसंच. थोर मानूस दिखना की सायकलवरथून उतरानं, पदर लेवाना, तो मांगे गया की मंग बसानं."

ऐकायला सोपं. पण सकाळच्या वेळी पाट म्हणजे गावातल्या साऱ्या धोतरवाल्यांचा दरबार. कोणी अंघोळीला आलेला, कोणी दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, शेताकडे निघालेला, कोणी नुसताच दातात काडी घालून बसलेला. सगळे नाना, आबा, तात्या. एक दिसला की उतर. पण उतरले की चढायला दगड हवा! पाटाच्या कडेला आकडे कोरलेले सरकारी दगड होते, पण ते लांब लांब. एका नानांसाठी उतरायचं, मग पुढच्या दगडापर्यंत सायकल ढकलत जायचं, दगडावर पाय ठेवून चढायचं, चार पायडलं मारली की पुढचे तात्या. सायकल मी चालवत होते की सायकल मला चालवत होती, देव जाणे. कॅरिअरवर पोरांच्या खाऊचा, सुकडीचा डबा, घाम, आणि खेडीत पोरं अंगणवाडीच्या ओट्यावर माशा मारत बसलेली.

एक दिवस मुख्यसेविका माझ्याआधी पोचल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या, पण स्पष्ट होत्या. "पुष्पाबाई, अंगणवाडी तुमच्या गावच्या रीतीवर नाही चालत. पुन्हा असं दिसलं तर मला दुसरं नाव कळवावं लागेल."

घरी येऊन मी हे सासूला सांगितलं. आबा ओट्यावर बसून फावड्याचा दांडा घासत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, चला, यांच्या मनासारखं झालं. काम गेलं की सायकल गेली, सायकल गेली की तोंडाला काळं फासणारी सून घरात बसली.

आणि दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. मी पाटावर सायकलवर येताना आबा दिसले. नेहमी ते मला येताना बघायचे, मी उतरायचे, पदर घ्यायचे, ते मान हलवायचे. त्या दिवशी घंटी ऐकल्याबरोबर त्यांनी गर्रकन पाठ फिरवली आणि पाटाकडे तोंड करून उभे राहिले. पाटात तेव्हा पाणीसुद्धा नव्हतं. कोरड्या मातीकडे बघत उभे.  सासऱ्याने तोंड फिरवलं, म्हणजे आता बोलायचं काही उरलंच नाही. मी उतरले. पदर ओढला. त्यांच्या पाठीमागून सायकल ढकलत, चपलांचा आवाज होऊ नये म्हणून जपून चालत गेले. पुढच्या दगडावर चढताना डोळ्यात पाणी होतं आणि पाय दोनदा घसरला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी घंटी वाजवायची, ते पाठ फिरवायचे, मी उतरायची. घरात जेवण वाढताना मी त्यांच्या ताटाकडे बघायची, ते भिंतीकडे. सासूला म्हटलं, "आबा माझ्यावर रागावलेत." ती म्हणाली, "त्यास्ना राग म्हशीले समजस, माले नही." झालं! नवऱ्याला सांगावं तर तो रविवारी यायचा आणि झोपायचा.

असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी मी अशीच उतरून आबांच्या पाठीमागून जात होते. आबा पाटाकडे तोंड करून उभे. आणि पाटाच्या कोरड्या तळाशी बोलावं तसं ते मोठ्याने बोलले:

"मी पाठ फिराईसन उभा शे, तरी हाई पोर का उतरस? मी देखं नही, तर उतरानं कसाले?"

मी तिथेच थांबले.  पाटातून उत्तर येणार नव्हतं, आणि सासऱ्याला समोरून उत्तर द्यायची माझी हिंमत नव्हती.  आबांची पाठ तशीच. मग ते पुन्हा पाटाला म्हणाले, "खेडीना पोरं वाट देखी ऱ्हायनात." एवढंच.

पुढच्या दगडावर मी चढले ती अशी सुटले, की सुकडीच्या डब्याचं झाकण वाटेत पडलं ते परत येताना उचललं. हसू येत होतं आणि रडूही. हा माणूस माझ्यासाठी रोज पाठ फिरवून उभा होता, आणि मी रोज त्याच्या पाठीमागे त्याचा मान राखायला उतरत होते! तो मनातल्या मनात किती चरफडला असेल. दोघांनी एकमेकांचा इतका मान राखला, की काम जायची वेळ आली.

पण आबा एकटे पाठ फिरवून भागणार नव्हतं. बाकीचे धोतरवाले होतेच. त्या दिवशी आनंदाच्या भरात मी भाईदास नानांच्या समोरून तशीच गेले. भाईदास नाना म्हणजे पारावरचे सगळ्यात जुने. ते संध्याकाळी आमच्या ओट्यावर आले. मी आत चुलीशी, कान बाहेर.

"आधार, तुन्ही वहू मन्हा मोऱ्हेथून सायकलवर गई. उतरनी नही."

आबा म्हणाले, "तू देखं?"

"देखं म्हंजे! ह्या दोन डोयाघाई देखं."

 आबा शांतपणे म्हणाले, "मंग भाईदास, तू लोकनी वहूकडे टक लाईसन देखस का? मी तर सासरा शे, तरी पाठ फिरावस."

भाईदास नानांच्या तोंडातली तंबाखू तोंडातच राहिली. सासू आत पदर तोंडात कोंबून हसत होती, तिचं अख्खं अंग हलत होतं. नाना म्हणाले, "नही, तसं नही... मी काय... मन्ही नजर गई फक्त." आणि चहा न घेता उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटावर मी घंटी वाजवली, तर दूरवर भाईदास नाना घाईघाईने वळले आणि पाटाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचं बघून पुढचे तात्या वळले. मग त्यांच्या पुढचे. आठवड्याभरात अशी रीत पडली, की पाटावर माझी घंटी वाजली रे वाजली की सगळी धोतरं पाटाकडे वळायची. कोणाच्या हातात तांब्या, कोणाच्या दातात काडी, पाटाला पाणी असलं तर कोणाचा एक पाय धुवायचा राहिलेला. मी मधून सायकलवर सुसाट. कोणी कोणाला बघितलं नाही, कोणाचा मान गेला नाही. नवा आलेला पाहुणा विचारायचा, हे सगळे काय बघतायत पाटात? तर म्हणायचे, मासे.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. हिवाळ्यात पाटावर सकाळचं धुकं असायचं, आणि पाणी सुटलेलं असलं तर त्यातून वाफ निघायची. एका बाजूला केळीचे मळे, दुसऱ्या बाजूला कापूस, मधे मी. मागून हॉर्न नाही, पुढून ट्रक नाही, धूळ माझ्याच चाकाची. खंड्या पक्षी तारेवरून पाण्यात पडायचा आणि पुन्हा तारेवर. एकटी असले की मी हँडल सोडून द्यायची आणि दोन्ही हातांनी केस बांधायची. अंगणवाडीची बडबडगीतं मोठ्याने म्हणायची. घरात सून, अंगणवाडीत बाई, नवऱ्यासमोर बायको. पण पाटावर मी कोणाचीच कोणी नव्हते. बाईमाणसाला असा एक रस्ता तरी मिळायला हवा. मला मिळाला.

फक्त एक गोष्ट मनात रुतून बसली होती, आणि वर्षं गेली तशी ती जास्तच टोचायला लागली. ज्या माणसामुळे मला हा रस्ता मिळाला, त्याने मला त्या रस्त्यावर न उतरता, मोकळेपणी जाताना एकदाही पाहिलं नव्हतं. मला चांगली सायकल येते, हे गावच्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. आबांना फक्त घंटी आणि चाकांचा आवाज ठाऊक. लहान पोर नाही का, झाडावर चढलं की खालून बापाने बघावं असं त्याला वाटतं? तसं मला वाटायचं. बाई तीस वर्षांची झाली, दोन मुलं झाली, तरी वाटायचं. पण सासऱ्याला, मागे वळून माझ्याकडे बघा, असं कुठली सून सांगते?

आबा निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांचा गुडघा गेला. नवा पाटकरी आला, तो फटफटी घेऊन वाटेवर फिरायचा. पाइपच्या बाजूने त्याने फटफटीपुरती फट करून घेतली होती. आबांना फटफटीचा आवाज घरापर्यंत ऐकू यायचा. ते काही बोलायचे नाहीत, पण म्हशीच्या पाठीवर हात आपटायचे. काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे, पाटापर्यंत पाय जात नव्हता. सकाळी पाटावर इतर पाठी दिसायच्या, ती एक नसायची. मी तिथून जाताना उगाच घंटी वाजवायची.

त्या वर्षी रब्बीचं पहिलं पाणी सुटायचं होतं. आबांची नोकरीतली एक सवय होती: पहिलं पाणी आलं की ते पाण्याच्या पुढे चालायचे. कोरड्या पाटातून पाणी काटक्या, फेस, वाळकी पानं पुढे ढकलत येतं. ते कुठे अडलं तर फावड्याने मोकळं करायचं, आणि पाण्याच्या तोंडासोबत गावाजवळच्या मोठ्या दारापर्यंत, गेटापर्यंत यायचं. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. त्या सकाळी गल्लीतून कोणी ओरडत गेलं, की पाणी सुटलं, रात्रीच सुटलं, आता वरच्या पुलाच्या अलीकडे असेल. आबा ओट्यावर होते. उठले, बसले, पुन्हा उठले. काठी एका हातातून दुसऱ्या हातात.

रविवार होता, रुपचंद घरी होते. म्हणाले, "आबा, मी गाडी जुपतो. तुम्हाला पाटावर नेतो."

"पाटवर गाडी?" आबा असे ओरडले की शेजारची कोंबडी उडाली. "मी जित्ता शे तवलोंग नही!"

 आबांनी स्वतःच रोवलेला पाइप त्यांनाच आडवा आला होता. रुपचंद आत जाऊन बसले. मी अंगणात सायकलीशी उभी होते. पदर पुढे ओढला आणि सासूच्या कानाशी लागून म्हटलं, "सायकल पाइपमधून जाते. कॅरिअर मजबूत आहे."

सासूने माझ्याकडे बघितलं. मग आबांकडे बघितलं. आबांनी ऐकलं होतं, कारण त्यांची मान खाली गेली. सुनेच्या मागे, तोंडासमोर तिची पाठ, आणि गाव बघणार! मरण बरं. मला वाटलं, संपलं. आणि मग झुंबरबाईने, जिने सायकलीवर पहिला निकाल दिला होता, दुसरा निकाल दिला.

"बठा. उलटं तोंड करीसन बठा. ना ती तुम्हले दिखी, ना तुम्ही तिले."

पाटाच्या तोंडाशी दगड होता. मी त्यावर पाय ठेवून चढले. आबा कॅरिअरवर उलटे बसले, धोतर आवरून, काठी मांडीवर आडवी. त्यांची पाठ माझ्या पाठीला लागली. सासूने मागून ढकललं, दोन पावलं धावली, आणि म्हणाली, "जा वं!"

आबा हलके होते. म्हातारपणी माणूस इतका हलका होतो हे मला तेव्हाच कळलं. आम्ही वरच्या अंगाला पाण्याला भेटायला निघालो. मी पुढचा रस्ता बघत होते, आबा मागे गेलेला. वाटेत भाईदास नाना, आता फार थकलेले, घंटी ऐकून वळले आणि पाटाकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही पुढे गेलो तसे आबांना ते समोर दिसले असणार.

"राम राम, भाईदास!" आबा म्हणाले.

नाना गोंधळले. सुनेच्या सायकलीवरून आधारचा आवाज! वळावं तर सून दिसणार, न वळावं तर राम राम राहणार. शेवटी त्यांनी तसंच पाटाकडे तोंड ठेवून हात वर केला असं आबांनी मला सांगितलं. मला म्हणजे काठीला. "देख," ते काठीला म्हणाले, "पाटले राम राम करी ऱ्हायना." आणि त्यांची पाठ माझ्या पाठीवर हसली. सासऱ्याचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवलं, तेही मणक्यांनी.

वळण ओलांडलं आणि मला पाणी दिसलं. पाटाच्या तळातून तपकिरी, फेस घेऊन, पानं ढकलत सावकाश येत होतं.

"आबा, पानी उनं!"

त्यांच्या अंगातून झटका गेला. पण ते वळले नाहीत. वळले असते तर आधी मी दिसले असते. "कसं शे?" त्यांनी विचारलं. थेट मला. मी सांगत गेले: फेस आहे, काटक्या आहेत, एक बाभळीची फांदी आडवी आलीय, आता निघाली. ते "हं, हं" करत ऐकत होते. पाणी जवळ आल्यावर मी थांबले, आबा उतरले, मी सायकल फिरवली, ते पुन्हा उलटे बसले. आता मी पाण्याच्या पुढे, आणि पाणी त्यांच्या तोंडासमोर.

"धीरे चालाव," ते म्हणाले. "पानीनी संगे."

ज्याला सायकल येते त्याला विचारा, जोरात चालवणं सोपं असतं. माणसाच्या चालीने, मागे ओझं घेऊन, तोल न जाऊ देता चालवणं अवघड. माझ्या पोटऱ्या भरून आल्या. मागे आबा पाण्याशी बोलत होते. काय बोलले ते सगळं ऐकू आलं नाही, आणि जे ऐकू आलं ते माझ्यासाठी नव्हतं, म्हणून लिहीत नाही. असे आम्ही गेटापर्यंत आलो. आबा उतरले आणि मी ज्यांवर पाय ठेवून चढायचे त्यांतल्याच एका सरकारी दगडावर बसले. पाणी आलं, गेटाला धडकलं, फेस फिरला, आणि दारातून पुढे गेलं. आबांनी हात जोडले. मी शेजारी सायकल धरून, पदर डोक्यावर, मान खाली.

बराच वेळ झाला. मग आबा काठी टेकून दगडावरून उठले आणि बाजूला सरकले.

"जाय बेटा," ते म्हणाले. "त्या पुढला दगडलगून जाय. नि परत ये."

म्हशीला नाही, काठीला नाही. मला. मी वर बघितलं तर ते माझ्याकडे तोंड करून उभे होते.

मी दगडावर पाय ठेवला, चढले आणि निघाले. इतकी वर्षं रोज चालवत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा शिकत असल्यासारखी चाकं डगमगली. पुढच्या दगडाला वळसा घातला. समोरून आबा दिसत होते, पाठ नाही, आबा. चेहरा, मिशा, बारीक डोळे, उन्हावर धरलेला हात. जवळ आले, आणि हाताने आपोआप ब्रेक दाबला, एक पाय जमिनीकडे गेला. सवय. थोर माणूस दिसला की उतरायचं.

"उतरू नको!" आबा ओरडले, पाटावर गाडी घुसल्यावर ओरडायचे तसे. "उतरू नको वं! देखू दे माले!"

मी पाय उचलला आणि पायडल मारलं. त्यांच्या अगदी समोरून, हात लांबवला असता तर लागला असता इतक्या जवळून गेले. डोक्यावरचा पदर वाऱ्याने मागे पडला, तो मी सावरला नाही. आबा माझ्यासोबत मान वळवत बघत राहिले, मी वळणाशी पोचेपर्यंत.

परत येताना मात्र ते पुन्हा उलटेच बसले. सासू पाटाच्या तोंडाशी उभी होती ना.